सतरा महिन्यांचा फरक

बहरीनच्या विमा कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा अकीलाला आधी हायसं वाटलं. अब्बांना जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. इतक्या दिवसांत तिने एवढे कागद भरले होते, एवढ्या खिडक्यांसमोर उभी राहिली होती, की कुठूनतरी काही उत्तर आलं हेच पुष्कळ होतं. तिने लिफाफा पट्टीने नीट कापला. पत्र दोन भाषांत होतं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. मृताचं नाव रहिमतुल्ला. काम, परांची बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. कारण, कामावर असताना उंचावरून पडून मृत्यू. वारस, पत्नी नुसरत. आणि शेवटच्या ओळीत, अपघाताच्या वेळी नोंदीत असलेला महिन्याचा पगार: चारशे वीस दिनार.

ती ओळ तिने दोनदा वाचली. पगार पाचशे दहा होता. हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ज्या कंपनीसाठी अब्बा बत्तीस वर्षं परांच्या बांधत होते, त्याच कंपनीच्या पगार विभागात ती नऊ वर्षं बसत होती. दर महिन्याला चारशे माणसांचे पगार ती स्वतःच्या लॉगिनने विमा कार्यालयाला कळवत होती. त्या चारशेंत एक ओळ बापाची असे.

पत्रात पुढे लिहिलं होतं की विधवेला दरमहा मिळायची रक्कम याच पगारावर ठरेल. काही हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. आईचा व्हिसा अब्बांच्या नावावर होता. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपली की तिला श्रीवर्धनला परत जायचं होतं, आणि तिथे तिला या रकमेशिवाय दुसरं काही नव्हतं. नव्वद दिनार कमी धरले तर त्या रकमेतला जवळजवळ सहावा भाग जन्मभरासाठी जाणार होता.

त्यांचंच काहीतरी चुकलंय, असं म्हणत तिने कॉम्प्युटरवर अब्बांची नोंद उघडली.

नोंदीत प्रत्येक महिन्यापुढे चारशे वीसच होते. आणि मे महिन्याखाली एक जादा ओळ होती. एक हजार पाचशे तीस दिनार, एकरकमी. शेजारी एक अरबी शब्द, तिने स्वतः यादीतून निवडलेला. तो तिने ओठ हलवत वाचला. मुकाफअह.

ती रक्कम कसली होती हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. परांचीवाल्यांचा पगार मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून वाढायला हवा होता, तो वाढला नव्हता. एकतीस माणसं तक्रार घेऊन गेली, आणि बोलायला पुढे केलं अब्बांना, कारण साहेबासमोर त्यांचा आवाज चढत नसे आणि खालीही जात नसे. बोलणी महिनोन् महिने चालली. मध्येच कंपनीने एकदा सगळ्यांना एकरकमी बक्षीस देऊ केलं. अब्बा म्हणाले होते, "बक्षीस तुमच्या मर्जीचा असतो साहेब. आम्ही मागतो ती मजुरी हाय." अखेर मेच्या अठ्ठावीस तारखेला करार झाला. महिन्याला नव्वद दिनार वाढ, मागल्या जानेवारीपासून लागू. सतरा महिन्यांचे मागचे पैसे मेच्या पगारासोबत, जूनच्या चार तारखेला, बकरी ईदच्या दोन दिवस आधी सगळ्यांच्या खात्यात पडले. सतरा जूनला सकाळी पावणेदहा वाजता अब्बा पडले. नव्या पगाराची पहिली फाइल जुलैत गेली, तेव्हा तिच्यात त्यांचं नाव नव्हतं.

*

शैलेंद्र अकाउंट्सचा मुख्य होता. जुन्नरचा माणूस, पंधरा वर्षं बहरीनमध्ये, माहूजला राहायचा आणि पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते भरायचा. अकीलाला तो गमतीने अरबीवाली म्हणे. ऑफिसात कुठलाही अरबी कागद आला की तो म्हणायचा, "पाठवा आमच्या अरबीवालीकडे." ती तो घडाघडा वाचून दाखवायची. लहानपणी अब्बांनी रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर मांडीशी बसवून तिला कुराण वाचायला शिकवलं होतं. एकेक हरफ गळ्यातून कुठून निघतो, जिभेचं टोक कुठे टेकतं, सगळं. पुढे श्रीवर्धनच्या उर्दू शाळेत उर्दू झालं. त्यामुळे अरबी कागद समोर आला की ती तो वाचायची अरबीत आणि समजायची उर्दूत. दहापैकी आठ वेळा जमून जायचं. उरलेल्या दोन वेळांचा कुणी हिशेब ठेवला नव्हता.

शैलेंद्रने खुर्ची तिच्या स्क्रीनजवळ ओढली आणि शब्दाकडे फोन धरला. फोनने अर्थ सांगितला.

"अगं, हा तर बोनस आहे."

"नाही सर. मुकाफात. म्हणजे केल्याचा मोबदला. भरपाईसारखं."

"कुठल्या भाषेत?"

तिने पुन्हा स्क्रीनवरच्या शब्दाकडे बघितलं.

"उर्दूत असेल. इथे याचा अर्थ बोनस, बक्षीस. मालकाने खूश होऊन दिलेले पैसे. ते पगारात धरत नाहीत." त्याने यादी खाली सरकवली. "मागच्या पगारासाठी वेगळा शब्द असणारच. हा काय? हा वाच बरं."

"फर्क."

"फरक?" तो मोठ्याने हसला. "अगं फरक! पगाराचा फरक! आमचे अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते. आयोगाचा फरक मिळाला तेव्हा घरात पहिला फ्रिज आला. आख्खा जुन्नर तालुका फरक म्हणतो त्याला. त्यांचा आणि आपला एकच शब्द निघाला की! आणि तू तो सोडून दिलास?"

"मला वाटलं फर्क म्हणजे तफावत. हिशेबात चूक असेल तर कळवायची जागा." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आमच्या घरात सरकारी नोकरी कुणीच केली नाही, सर. फरक कधी आलाच नाही."

"पण इंग्रजी पान होतं ना? वर बटण आहे. एक क्लिक."

होतं. नऊ वर्षं होतं. तिने ते कधी दाबलं नव्हतं. अरबी पानावर काम करताना मागून जाणारे लोक क्षणभर थांबत, हे तिला आवडायचं.

शैलेंद्रचं हसू हळूहळू विरलं. तो मनातल्या मनात पुढचं जुळवत होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"एकतीसही जणांचं असंच गेलंय?"

"हो."

"फरक दाखवला असता तर सतरा महिन्यांत नव्वद नव्वद वाटले गेले असते. प्रत्येक महिन्यापुढे पाचशे दहा लागले असते. आणि अपघाताच्या दिवशी नोंदीत—" तो थांबला. "दुरुस्ती करता येते. फॉर्म असतो त्याला. पण अकीला, हे बघ. दार लावून घे जरा."

तिने दार लावलं.

"तीस जणांचं करू. ते जिवंत आहेत, कामावर आहेत, कुणी विचारणार नाही. तुझ्या अब्बांचं राहू दे."

"का?"

"का म्हणजे? बाहेरच्या माणसाच्या डोळ्याने बघ. माणूस गेल्यावर दीड महिन्याने त्याचा मागचा पगार वाढवला. त्याच्यावर बायकोचे पैसे वाढणार. वाढवलं कुणी, तर त्याच्याच मुलीने, स्वतःच्या लॉगिनवरून. मी जरी तिथे बसलो असतो तरी म्हटलं असतं, पोलीस बोलवा." त्याने रुमालाने मान पुसली. "आणि ती फाइल मंजूर केली होती मी. न वाचता. तू अरबीवाली म्हणून."

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं ते तिला पाठ होतं, इतक्यांदा तिने त्याखाली सही केली होती: खोटी माहिती देणारा शिक्षेस पात्र राहील. आजवर ती ओळ तिला कधी आपल्याला उद्देशून वाटली नव्हती.

*

दोन दिवस ती भीती घेऊन फिरली. गुदैबियातल्या गल्लीतून घरी जाताना पोलिसांची गाडी नुसती शेजारून गेली तरी तिचे तळहात ओले व्हायचे. खालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मलबारी दूध देताना म्हणाला, "दीदी, सब ठीक?" तर तिने सुटे पैसे काउंटरवरच सोडले. तिला स्पष्ट दिसत होतं काय होईल. आधी लॉगिन बंद. मग नोकरी. मग व्हिसा. किंवा उलट, देश सोडायलाच बंदी. आई एकटी श्रीवर्धनला आणि आपण इथे तारखांना हजर. नऊ वर्षांच्या सगळ्या फाइली कुणीतरी उघडून बसेल आणि प्रत्येकीत काहीतरी सापडेल.

तिसऱ्या दिवशी तिने शैलेंद्रने सांगितलं तसं करायला घेतलं. दुरुस्तीची यादी काढली. एकतीस नावं. तिसरं नाव अब्बांचं. तिने ती ओळ निवडली आणि पुसली.

खालच्या ओळी वर सरकल्या. चार नंबरचा तीन झाला, पाचचा चार. यादी तीसवर संपली. मध्ये कुठे मोकळी जागा उरली नाही, आकडा चुकला नाही, काही नाही. तिथे कधी कुणी होतं हे यादीकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं. ती किती वेळ बघत राहिली कोण जाणे. मग तिने पुसलेलं परत आणलं. ओळी खाली सरकल्या. तीन नंबरवर रहिमतुल्ला.

भीती कमी झाली नव्हती. उलट आता तिला बसायला जागा मिळाली होती, बरोबर छातीत. पण अकीलाने एकतीस जणांचा फॉर्म छापला, कराराची मूळ प्रत घेतली, सतरा महिन्यांचे हजेरीपट घेतले आणि इंग्रजीत अर्धा पानभर खुलासा लिहिला: एका अरबी शब्दाचा अर्थ मी चुकीचा घेतला. चूक माझी आहे. क्रमांक तीनचे कामगार माझे वडील होते.

शैलेंद्रने खुलासा वाचला. पेन हातात फिरवत राहिला.

"शेवटचं वाक्य लिहायलाच हवं का?"

"ते त्यांना कळणारच ना, सर. नावावरून."

"तुला माहितीय, माझी मुलगी बारावीला आहे."

"माहितीय."

त्याने सही केली. "जा. आणि फोन चालू ठेव," म्हणाला, आणि ती दारात असताना, "अकीला, घाबरू नकोस," हे इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणाला की तिला उलट त्याचीच कीव आली.

*

विमा कार्यालयात खिडकीपलीकडच्या अधिकारीबाईंचं नाव जुबैदा होतं. बहरीनीच, चाळिशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. इथल्या पुष्कळ लोकांसारखी कामापुरती हिंदी त्यांना येत होती. त्यांनी खुलासा वाचला, मग फॉर्म, मग पुन्हा खुलासा. चष्मा काढला.

"ये तीन नंबर. तुम्हारा बाप?"

"जी."

"मर गया?"

"जी."

"ये मुकाफअह किसने डाला?"

"मैंने."

"और अब बदलना कौन माँगता? तुम?"

"जी."

जुबैदाबाईंनी फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि नियमाच्या एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "पढ़ो." अकीलाने वाचलं. प्रत्येक हरफ जिथून निघायला हवा तिथून निघाला. शेजारच्या खिडकीतला माणूससुद्धा वळून बघू लागला.

"माशाल्ला," जुबैदाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र सैल झाला नाही. "इतना अच्छा अरबी. फिर भी ग़लती?"

जुबैदाबाईंनी तिचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितलं आणि ते घेऊन आतल्या दारामागे गेल्या.

पंचेचाळीस मिनिटं कार्ड आणि बाई दोन्ही आतच होती. समोर टोकनचे आकडे बदलत होते. एसीचा गार झोत थेट मानेवर येत होता आणि तरी तिच्या पाठीला घाम होता. तिने उठून निघून जायचा विचार केला, मग आठवलं की कार्डाशिवाय ती या देशात कुठेच जाऊ शकत नाही. ते दार उघडलं की दर वेळी ती अर्धी उठायची.

शेवटी बाई आल्या, उभ्यानेच बोलल्या. मूळ कागद त्यांनी ठेवून घेतले. कंपनीत तपासणी होईल. तिचं लॉगिन तोपर्यंत बंद. आणि विधवेचा जबाब घ्यावा लागेल.

"अम्मा को इधर लाओ."

"वो इद्दत में है."

"अच्छा." पहिल्यांदाच जुबैदाबाईंचा आवाज जरा खाली आला. "तो मैं आएगी. गुरुवार, दस बजे. घर में मर्द नहीं होना. और सुनो." त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं, पण बोट त्यावरून उचललं नाही. "उसको कुछ सिखाना नहीं. मैं बाईस साल से ये काम करती. सिखाया हुआ आदमी मेरे को मालूम पड़ता. झूठ निकला तो केस होगा. तुम्हारे ऊपर. समझी?"

"समझी."

*

बुधवारी दुपारी आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भेंडी पुसत बसली होती. पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. इद्दत सुरू झाल्यापासून घराचा उंबरा तिने ओलांडला नव्हता, आणि खिडकीचा पडदाही बाहेर कुणी नसेल तेव्हाच सरकवायची. अकीला शेजारी बसली आणि तिनेही फडकं घेतलं.

"ती बाय कशाला येते गो उद्या?"

"अब्बांच्या पैशांचं विचारायला."

"कंचे पैसे?"

"ईदच्या आधी आले ते."

"ते होय?" आईने भेंडीचं देठ मोडून पाहिलं. "ते तर कंपनीनं ईदी दिल्यान ना? ईदच्या वक्ताला आले म्हणजे ईदीच."

अकीलाचा हात थांबला.

एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. नाही अम्मी, तो पगार होता, उद्या विचारलं तर पगार म्हण. त्यात खोटं काही नव्हतं. खरं तेच सांगायचं होतं. पण ते आईच्या तोंडून निघताना अकीलाचं होऊन निघालं असतं, आणि समोर बाईस साल हेच काम केलेली बाई बसलेली असणार. आणि नाही सांगितलं तर आई उद्या त्याच भोळेपणाने ईदी म्हणेल, ईदी म्हणजे बक्षीस, बक्षीस म्हणजे मुकाफअह, म्हणजे अकीलाने भरलं तेच बरोबर आणि आता बदलते आहे ते खोटं. आई स्वतःच्या तोंडाने लेकीला आत घालेल आणि तिला कळणारही नाही.

"काय झाला गो? तोंड का असा केलंस?"

"काय नाय." तिने भेंडी उचलली. "अम्मी, ती विचारेल ता तुला जितका माहीत हाय तितका सांग."

"आणि माहीत नसला तर?"

"तर नाय माहीत म्हण."

"बरा. त्यात काय एवढा? मी काय निकाहाला चालले?" आई बऱ्याच दिवसांनी किंचित हसली. मग तिने लेकीकडे नीट बघितलं. "अकी, मना कायतरी लपवतेस तू."

"जेवायला काय करू?" अकीलाने विचारलं आणि उठून ओट्याशी गेली.

*

गुरुवारी दहाला पाच मिनिटं असताना जुबैदाबाई आल्या. सोबत एक तरुण मदतनीस होती, हातात फाइल. त्यांनी आईला सलाम केला, अब्बांसाठी दुवा केली, पाणी घेतलं. मग अकीलाकडे वळून म्हणाल्या, "तुम बाहर."

ती जिन्यात उभी राहिली. तिसरा मजला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या एसीचा घरघराट, खाली कुणीतरी गॅसचं सिलिंडर पायरी पायरी वर चढवत होतं. दाराशेजारच्या चपलांच्या रॅकवर अब्बांचे लोखंडी चवड्याचे बूट होते. कंपनीने सामानासोबत परत दिले होते. आत घ्यायची आईची हिंमत झाली नव्हती आणि टाकायची अकीलाची.

दारातून आवाज येत होते, शब्द येत नव्हते. जुबैदाबाईंचा सपाट आवाज, मग आईचा. आईचा आवाज लांबत गेला. लांबतोय का? तिला तर एक ओळ बोलायची होती. मग आत शांतता. मग कपाट उघडल्याचा आवाज. कपाट कशाला? अकीला दाराला कान लावणार होती, पण तेवढ्यात तिच्या मनात आलं की दार अचानक उघडलं तर हेही तिच्याविरुद्ध जाईल, आणि ती दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिली. आईचा आवाज एकदा चढला. कुणाला तरी रागावावं तसा. त्यानंतर पुन्हा बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

पुढ्यातून सिलिंडरवाला गेला. "रास्ता, दीदी." तिने अंग चोरलं.

"यल्ला, अंदर आओ," मदतनीस दारात होती.

आई आतल्या खोलीत गेली होती. टेबलावर दीड पान अरबी हस्ताक्षर होतं आणि खाली आईची थरथरती उर्दू सही. जुबैदाबाई पेनाचं टोपण लावत होत्या.

"ये तुम्हारी अम्मा का बयान. मैंने अरबी में लिखा. तुम पढ़ो और नीचे साइन करो कि पढ़ा और मंजूर. तुमको तो अरबी आता."

अकीलाने कागद हातात घेतला. अक्षर सुबक होतं. पहिली ओळ तिने वाचली, अडखळली नाही. दुसरी वाचली. तिच्या जिभेला सगळं येत होतं आणि तिला काही कळत नव्हतं. एक शब्द इथे ओळखीचा, एक तिथे. बिन्त, मुलगी. हे कुणाबद्दल, आपल्याबद्दल? त्याच्यापुढचा शब्द काय? उर्दूत तो शब्द होता, आणि उर्दूत त्याचा अर्थ भयंकर होता. पण उर्दूतला अर्थ धरून ती एकदा चालली होती.

सही करून टाकावी. नऊ वर्षं असंच केलं. नाहीतर उघड उघड म्हणावं लागेल, आणि ते लिहिलं जाईल, आणि मग नऊ वर्षांच्या प्रत्येक फाइलवर संशय येईल. हा एकच हुकमाचा पत्ता तिच्याकडे उरला होता, तिला अरबी येतं हा. ऑफिसात तिला खुर्ची होती ती त्यावरच.

तिने कागद खाली ठेवला.

"मैडम, मुझे पढ़ना आता है. समझ में नहीं आता."

"क्या समझ में नहीं आता? कौन सा लाइन?"

"एक भी."

मदतनीस मुलीने मान वर केली. जुबैदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"उस दिन तो मेरे सामने इतना पढ़ा."

"वैसा कोई भी काग़ज़ पढ़ दूँगी. मतलब नहीं मालूम."

"और कंपनी में? नौ साल?"

"अंदाज़ से."

"या अल्लाह," जुबैदाबाई म्हणाल्या. रागाने की आणखी कशाने ते समजलं नाही. त्यांनी खांद्याला लावलेली पर्स काढून टेबलावर ठेवली. चष्मा घातला. खुर्ची ओढली. "बैठो. एक एक लाइन बताती."

त्यांनी बोट ओळीखाली धरलं आणि आपल्या तुटक्या हिंदीत सांगू लागल्या. मी नुसरत, रहिमतुल्लाची बेवा. ईदच्या आधी पैसे आले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, कंपनीने ईदी दिली. तो मला रागावला.

बोट पुढच्या ओळीखाली सरकलं.

तो म्हणाला, ईदी साहेब स्वतःच्या मर्जीने देतो. हा माझा सतरा महिन्यांचा पगार आहे, उशिरा आला एवढंच. त्याची बहीण हमीदा श्रीवर्धनला असते, तिला कुणी नाही. तो तिला दर महिन्याच्या पगारातून पाच दिनार पाठवायचा. ईदी मिळाली, बोनस मिळाला, तर त्यातलं पाठवायचा नाही, ते घराचं. पगारातला हिस्सा मात्र कधी चुकवला नाही. त्या दिवशी त्याने हमीदाला पंच्याऐंशी दिनार पाठवले. मी म्हटलं, एवढे कशाला? तो म्हणाला, सतरा वेळा पाच किती होतात ते मोज. पावती माझ्याकडे होती, ती मी दिली आहे.

पावती जबाबाला टाचणीने लावलेली होती. मनी एक्स्चेंजची, जूनच्या पाच तारखेची. मजकुराच्या रकान्यात अब्बांच्या तिरक्या अक्षरात: १७ महिने.

हे अकीलाला माहीत नव्हतं. फुफूला, म्हणजे हमीदाला, पैसे जातात हे माहीत होतं, कशातले जातात ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"ये मुलगीवाला लाइन?" तिने विचारलं. घाईत मराठी शब्द गेला. "बिन्त?"

"ये? 'मेरी लड़की ने इस बारे में मुझे कुछ नहीं बताया.' बस." जुबैदाबाईंनी पेन उघडलं. "अब एक लाइन मैं डालती." त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता सांगितलं: मुलगी अकीला हिला अरबी वाचता येतं, समजत नाही; जबाब तिला हिंदीत सांगितला. "ये लिखना पड़ेगा. तुमने बोला तो."

"जी."

"तुम्हारे बाप का रिकॉर्ड, मेरे ख़याल से, बदल जाएगा. बाक़ी तीस का भी. काग़ज़ साफ़ है. आख़िरी फ़ैसला ऊपर से आएगा." त्या थांबल्या. "तुम्हारा अलग. तुमको बुलाएँगे. पुराना फ़ाइल भी देखेंगे. कंपनी रखेगी या नहीं, वो मेरे हाथ में नहीं. समझी?"

"समझी," अकीला म्हणाली. या वेळी तिला खरोखर सगळं समजलं होतं, आणि त्यातलं काहीच हलकं नव्हतं. तिने सही केली, इंग्रजीत, पूर्ण नावाने. रहिमतुल्ला हे नाव त्या सहीत मध्ये येत होतं.

त्या दोघी गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात बंद झाला. आई आतून आली, टेबलावरचे पाण्याचे ग्लास उचलले आणि तसेच हातात धरून उभी राहिली.

"एवढा वेळ काय वाचून दाखवीत व्हती ती तुला? तुला तर वाचता येता."

"बस, अम्मी."

"बसते. काय झाला ता आधी सांग. मघापासून तुझा तोंड बघते मी."

फोन वाजत होता, शैलेंद्रचा असणार. अकीलाने तो उलटा ठेवला. आईने ग्लास खाली ठेवून समोरची खुर्ची घेतली, आणि अकीलाने मे महिन्याच्या फाइलपासून सांगायला सुरुवात केली.